राजदूतांच्या घरची पंगत

वॉशिंग्टनमध्ये दर वर्षी ऑक्टोबरच्या सुमाराला एक संध्याकाळ अशी येते, की शहरातल्या अनेक राजदूतांच्या घरी एकाच वेळी पानं मांडली जातात. कुणाकडे दहा-बारा पाहुणे असतात, कुणाकडे त्याहून जास्त. एका घरी अरबी मसाल्यांचा वास दरवळतो, दुसरीकडे स्कँडिनेव्हियातला मासा असतो, तिसरीकडे लॅटिन अमेरिकेतला मका. जेवणं आटोपली की काळे सूट आणि पायघोळ गाऊन घातलेली ही सगळी मंडळी आपापल्या यजमानांसह निघतात आणि शहराच्या उत्तर भागातल्या एका टेकडीवरच्या जुन्या हवेलीत जमतात. तिथे मग गोडधोड, गप्पा आणि मध्यरात्रीपर्यंत नाच. या समारंभाचं नाव ‘मेरिडियन बॉल’. 1969 पासून तो चालत आला आहे आणि त्यातून जमणारा पैसा ‘मेरिडियन इंटरनॅशनल सेंटर’ या संस्थेच्या कामासाठी वापरला जातो. देशोदेशींच्या माणसांची एकमेकांशी ओळख करून देणं, हेच त्या संस्थेचं काम.

अशा सोहळ्यांबद्दल आपल्याकडे चटकन नाकं मुरडली जातात. श्रीमंतांनी एकमेकांना जेवायला घालायचं आणि त्याला परोपकार म्हणायचं, असा एकूण सूर असतो. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, त्याकडे पुढे वळूच. पण या बॉलची रचना नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. इतर ठिकाणी एका मोठ्या हॉटेलात शेकडो लोकांना बसवतात, व्यासपीठावरून भाषणं होतात आणि शेजारी कोण बसलं होतं हे घरी जाईपर्यंत विसरायला होतं. इथे संध्याकाळचा मुख्य भाग लहान लहान टेबलांवर विखुरलेला असतो. ज्या माणसाने कधी त्या देशाचा नकाशाही धड पाहिलेला नाही, तो त्या देशाच्या राजदूताच्या घरात दोन तास बसतो. मला या सोहळ्याचं सगळं मोल त्या दोन तासांत दिसतं.

मोठ्या देशांच्या राजदूतांना वॉशिंग्टनमध्ये दारं आपोआप उघडतात. छोट्या देशाच्या राजदूताला सिनेटरची वेळ मिळवायला महिनोन् महिने थांबावं लागतं आणि मिळाली तरी ती पंधरा-वीस मिनिटांची. अशा राजदूताच्या टेबलावर एखादा काँग्रेस सदस्य, एखाद्या कंपनीचा वरिष्ठ अधिकारी, परराष्ट्र खात्यातली एखादी बाई आणि एखादा पत्रकार एकत्र बसले, तर एरवी वर्षभरात जे साधत नाही ते एका जेवणात साधू शकतं. तिथे करार होत नाहीत, व्हायचेही नसतात. पण पुढे कधी अडचण आली, तर फोन कुणाला करायचा हे दोन्ही बाजूंना ठाऊक झालेलं असतं.

राजदूतांना एका छताखाली बसवणं हे काही साधं काम नाही. त्यात रक्त सांडल्याचा इतिहास आहे. 1661 च्या सप्टेंबरअखेरीस लंडनमध्ये स्वीडनच्या नव्या राजदूताचं आगमन झालं. त्याच्या मिरवणुकीत फ्रान्सच्या राजदूताची बग्गी पुढे की स्पेनच्या, यावरून टॉवर हिलपाशी दोन्ही पक्षांच्या माणसांत हाणामारी झाली. माणसं मेली, घोडे मेले. सॅम्युअल पीप्सने आपल्या रोजनिशीत त्याची नोंद करून ठेवली आहे. आपली बग्गी मागे पडल्याचा अपमान फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने इतका मनावर घेतला, की स्पेनला अखेर माघार घ्यावी लागली. मानाच्या या भांडणांना तोडगा निघायला पुढे दीडशे वर्षं गेली. 1815 च्या व्हिएन्ना परिषदेत ठरलं, की राजदूताचा क्रम त्याच्या राजाच्या वैभवावर ठरणार नाही. त्या राजधानीत जो आधी रुजू झाला तो आधी. 1961 च्या व्हिएन्ना करारातही हाच नियम कायम राहिला. म्हणून आज एखाद्या चिमुकल्या बेटाचा राजदूत दहा वर्षं वॉशिंग्टनमध्ये असेल, तर कालपरवा आलेल्या महासत्तेच्या राजदूतापेक्षा तो मानाने वर बसतो. टेबलावर नावाचं कार्ड कुठे ठेवायचं याचा विचार दूतावासातली माणसं किती बारकाईने करतात, याची बाहेरच्यांना कल्पना नसते. मेरिडियन बॉलने या तिढ्यातून सोपी वाट काढली आहे. प्रत्येक राजदूत आपल्याच घरी यजमान असतो. यजमानाचा मान कुणी मागायचा नसतो. हवेलीवर सगळे जमतात तेव्हा बसायची रांगच उरलेली नसते, सगळे उभे असतात.

ही हवेली आणि ती टेकडी यांचाही परराष्ट्र व्यवहाराशी जुना संबंध आहे. टेकडी व्हाइट हाउसच्या बरोबर उत्तरेला येते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेला आपलं स्वतःचं मूळ रेखावृत्त हवं होतं, ग्रीनिचवर अवलंबून राहायचं नव्हतं. व्हाइट हाउसमधून जाणाऱ्या रेषेची खूण या टेकडीवर उभी केली गेली आणि तेव्हापासून तिचं नाव मेरिडियन हिल पडलं. पुढे मेरी हेंडरसन नावाच्या एका जिद्दी बाईने या टेकडीचं भवितव्य बदललं. ती सिनेटर जॉन हेंडरसनची बायको. हा भाग परदेशी वकिलातींचा व्हावा असा तिने ध्यासच घेतला. जमिनी विकत घेऊन, जॉर्ज ओकली टॉटन या वास्तुशिल्पकाराकडून तिने एकामागून एक वाडे बांधून घेतले आणि ते दूतावासांना दिले. फ्रान्सचा दूतावास अशाच एका वाड्यात होता. शेजारी सार्वजनिक उद्यान व्हावं म्हणूनही ती सरकारच्या मागे लागली. तेरा कुंडांमधून पायरीपायरीने उतरणारं तिथलं कारंजं आजही बघण्यासारखं आहे. पुढे दूतावासांची मुख्य वस्ती मॅसॅच्युसेट्स अॅव्हेन्यूकडे सरकली. आपला दूतावासही तिथेच आहे. त्याच्या समोर गांधीजींचा चालता पुतळा आहे, त्याचं अनावरण 2000 मध्ये अटलबिहारी वाजपेयींनी केलं.

टेकडीवर शेजारीशेजारी दोन हवेल्या आहेत, दोन्ही जॉन रसेल पोप याने रचलेल्या. जेफरसन स्मारक आणि नॅशनल गॅलरीची जुनी इमारत ज्याने आखली तोच हा पोप. पहिली हवेली 1912 च्या सुमारास हेन्री व्हाइटसाठी बांधली गेली. व्हाइट हा इटलीत आणि फ्रान्समध्ये अमेरिकेचा राजदूत होता, आणि 1919 च्या व्हर्सायच्या तहावर सही करणाऱ्या अमेरिकी प्रतिनिधींपैकी एक. नंतर तिथे ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे मालक यूजीन मेयर आणि अॅग्नेस मेयर राहत असत, त्यांची मुलगी कॅथरिन ग्रॅहम पुढे त्या वर्तमानपत्राची प्रमुख झाली. दुसरी हवेली, म्हणजे मेरिडियन हाउस, 1920 नंतर अर्विन लॉफलिन या पोलाद उद्योगातल्या घराण्यातल्या मुत्सद्द्यासाठी उभी राहिली. ती फ्रेंच धाटणीची आहे, चुनखडीच्या दगडाची, बाहेरून अगदी शांत. आवारात लिंडेनची झाडं ओळीने लावलेली आहेत आणि त्यांचे शेंडे इतके नेमके छाटलेले आहेत, की वर पानांचं सपाट छप्पर तयार होतं. बॉलच्या रात्री पाहुणे हवेलीतून बाहेर पडून या झाडांखाली येतात.

1960 मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने ही हवेली परदेशी पाहुण्यांच्या स्वागताच्या कामासाठी घेतली गेली. हे वर्ष महत्त्वाचं आहे. त्या एका वर्षात आफ्रिकेतले 17 देश स्वतंत्र झाले. त्यांचे राजदूत न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत आणि वॉशिंग्टनला येऊ लागले. या दोन शहरांना जोडणारा एक रस्ता मेरीलँडमधून जायचा, ‘रूट 40’ म्हणून ओळखला जाणारा. त्या रस्त्यावरच्या बहुतेक उपाहारगृहांत काळ्या माणसांना बसून खायला मिळत नसे. 1961 च्या जूनमध्ये चाड या देशाचे राजदूत अॅडम मलिक सो आपली अधिकारपत्रं राष्ट्राध्यक्ष केनेडींना सादर करायला याच रस्त्याने निघाले होते. वाटेत त्यांनी कॉफी मागितली आणि त्यांना ती नाकारली गेली. जगभर त्याचा बोभाटा झाला. केनेडींच्या प्रशासनाने पेद्रो सानहुआन या अधिकाऱ्याकडे हा भेदभाव थांबवण्याचं काम सोपवलं. तो आणि त्याचे सहकारी त्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांना भेटत राहिले, समजावत राहिले. 1963 मध्ये मेरीलँडने सार्वजनिक ठिकाणांतल्या भेदभावाविरुद्ध कायदा केला.

असाच अनुभव त्याआधी भारताच्याही वाट्याला आला होता. 1955 च्या ऑगस्टमध्ये आपले राजदूत गगनविहारी लल्लुभाई मेहता ह्यूस्टनच्या विमानतळावरच्या उपाहारगृहात बसले असताना त्यांना आणि त्यांच्या सचिवांना तिथून उठून वेगळ्या खोलीत बसायला सांगितलं गेलं. परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांना माफी मागावी लागली. मेहतांनी स्वतः या प्रकरणाचा गाजावाजा केला नाही. मला हा प्रसंग वाचताना नेहमी वाटतं, की दोन देशांत कितीही करार झाले, कितीही धान्य-पैशांची मदत आली, तरी एका टेबलावरून उठवलं जाणं त्या सगळ्यावर पाणी ओततं. परक्या माणसाला आपल्या घरी बसवून जेवू घालणं याला अमेरिकेत त्या काळी जे राजकीय वजन आलं, त्यामागे असे प्रसंग आहेत.

मग बॉलमधून जमणारा पैसा नेमका कशावर खर्च होतो? मेरिडियनचं सगळ्यात मोठं काम म्हणजे अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या ‘इंटरनॅशनल व्हिजिटर लीडरशिप प्रोग्रॅम’चे दौरे आखणं. या कार्यक्रमाचं मूळ 1940 मधलं. नेल्सन रॉकफेलरने लॅटिन अमेरिकेतल्या 130 पत्रकारांना अमेरिका बघायला बोलावलं, कारण युरोपात युद्ध पेटलं होतं आणि शेजारच्या देशांत नाझी प्रचार पसरत होता. पुढे ही कल्पना जगभर नेली गेली. आज दर वर्षी सुमारे 5,000 माणसं या कार्यक्रमातून अमेरिकेत येतात. यासाठी स्वतःहून अर्ज करता येत नाही. त्या त्या देशातला अमेरिकी दूतावास माणसं निवडतो. सरपंच, न्यायाधीश, पत्रकार, शाळाप्रमुख, पोलीस अधिकारी, वैज्ञानिक, स्वयंसेवी संस्थेतले कार्यकर्ते. तीनेक आठवड्यांचा दौरा असतो. सुरुवात बहुधा वॉशिंग्टनपासून, मग दोन-तीन वेगवेगळ्या राज्यांतली शहरं, लहान गावंसुद्धा. दौऱ्यात एखाद्या संध्याकाळी स्थानिक कुटुंबाच्या घरी जेवण ठेवलेलं असतं. ही कुटुंबं त्याचे पैसे घेत नाहीत.

या निवडीत डोळसपणा किती असतो याचं प्रसिद्ध उदाहरण मार्गारेट थॅचर यांचं आहे. 1967 मध्ये त्या विरोधी पक्षातल्या एक खासदार होत्या, फारसं नाव नसलेल्या. लंडनमधल्या अमेरिकी दूतावासातल्या एका अधिकाऱ्याला त्यांच्यात काहीतरी दिसलं आणि त्यांना सहा आठवड्यांच्या दौऱ्यावर पाठवण्यात आलं. त्या पंतप्रधान झाल्या त्यानंतर बारा वर्षांनी. आपल्याकडचे इंदिरा गांधी, मोरारजी देसाई आणि वाजपेयी हेही या कार्यक्रमाच्या पाहुण्यांच्या यादीत आहेत. अर्थात अमेरिका हे सगळं निव्वळ प्रेमापोटी करते असं समजण्याचं कारण नाही. आपल्याबद्दल बरं मत असलेली माणसं जगभर असावीत, हा उघड हेतू आहे. पण येणारा पाहुणा डोळे घरी ठेवून येत नाही. त्याला महामार्ग दिसतात तशा झोपडवस्त्याही दिसतात, आणि तो परत जाऊन दोन्हींबद्दल बोलतो. प्रचारपत्रकापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे.

मेरिडियन प्रदर्शनंही भरवतं. त्यातल्या एकाचा मुंबईशी थेट संबंध आहे. 2008 मध्ये संस्थेने ‘जॅम सेशन’ नावाचं छायाचित्र-प्रदर्शन मांडलं. शीतयुद्धाच्या काळात परराष्ट्र खात्याने जॅझ वादकांना जगभर पाठवलं होतं, त्याची ही कहाणी. डिझी गिलेस्पी, लुई आर्मस्ट्राँग, ड्यूक एलिंग्टन, डेव्ह ब्रुबेक यांचे ते दौरे. ज्या देशात त्यांच्यातल्या अनेकांना काही हॉटेलांत खोली मिळत नव्हती, त्याच देशाचे प्रतिनिधी म्हणून ते हिंडत होते, आणि त्यांना त्याची पुरेपूर जाणीव होती. ब्रुबेक 1958 मध्ये मुंबईला आला तेव्हा त्याची सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांशी गाठ पडली आणि दोघांनी एकत्र वाजवलं. इंदूरजवळच्या जावऱ्यात जन्मलेले पण मुंबईला आपलं केलेले खाँसाहेब आणि कॅलिफोर्नियाचा पियानोवादक, एकमेकांची सुरावट ऐकत वाट काढताहेत. ती मैफल सरकारी फाइलीत आधी लिहिलेली नव्हती. सरकार फक्त विमानाचं तिकीट काढू शकतं. पुढचं माणसं करतात.

आता परोपकाराच्या प्रश्नाकडे. दान म्हटलं की आपल्याला अन्नछत्र, दवाखाना, अनाथाश्रम आठवतो. व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांशी संबंधित महिलांची संघटना दर वर्षी देशोदेशींच्या वस्तूंचा आणि पदार्थांचा बाजार भरवते, त्याचा पैसा गरजू मुलांसाठीच्या कामांना जातो. तिथे दानाचा अर्थ आपल्या ओळखीचा आहे. अमेरिकी कायद्यात मात्र शिक्षणविषयक संस्थाही धर्मादाय संस्थांच्याच वर्गात मोडते आणि देणगीदाराला करसवलत मिळते. पण त्यातही एक मेख आहे, ती फार चांगली. समजा एखाद्याने समारंभाच्या तिकिटासाठी 1,000 डॉलर मोजले आणि त्याला मिळालेल्या जेवण-करमणुकीची बाजारातली किंमत 250 डॉलर आहे. तर करसवलत मिळते ती उरलेल्या 750 डॉलरवर. जेवलेलं जेवण दान धरलं जात नाही. रक्कम 75 डॉलरच्या वर असेल तर हा हिशेब संस्थेनेच लेखी द्यावा लागतो. अशा प्रत्येक पावतीवर, तुम्ही दिलं किती आणि खाल्लं किती, हे दोन आकडे वेगळे लिहिलेले असतात. आपल्याकडच्या कितीतरी ‘चॅरिटी’ कार्यक्रमांच्या आयोजकांना हा शिरस्ता घालून द्यावासा वाटतो.

तरीही एक प्रश्न उरतोच. या टेबलांवरच्या जागा पुष्कळदा कंपन्या विकत घेतात. राजदूताशेजारी बसण्याची संधी ही त्यांच्या दृष्टीने गुंतवणूक असते. ज्या देशात कंपनीला खाण हवी आहे किंवा विमानं विकायची आहेत, त्या देशाच्या टेबलावर तिचा माणूस दिसावा हे ओघाने आलं. मैत्रीच्या नावाखाली ओळखींचा बाजार मांडला जाण्याचा धोका खरा आहे आणि संस्थेच्या चांगल्या हेतूने तो संपत नाही. माझ्या मते याची पारख टेबलावर होत नाही, वर्षाच्या उरलेल्या दिवसांत होते. त्या पैशातून एखाद्या आफ्रिकी गावातल्या शिक्षिकेला, एखाद्या मध्य आशियाई वकिलाला अमेरिकेतल्या लहान गावात कुणाच्या तरी घरी जेवायला बसता आलं का, एवढंच पाहायचं.

ही गोष्ट अलीकडे अधिक निकडीची झाली आहे. 2025 च्या फेब्रुवारीत अमेरिकी परराष्ट्र खात्याने देवाणघेवाण कार्यक्रमांसाठीचे पैसे अचानक रोखून धरले. फुलब्राइटसारख्या, 1946 पासून चालत आलेल्या शिष्यवृत्तीवर परदेशी गेलेली मुलंही त्यात अडकली. पुढच्या महिन्याचं भाडं कुठून द्यायचं याची त्यांना चिंता पडली. सरकारी कंत्राटावर चालणाऱ्या संस्थांना तेव्हा कळलं, की तिजोरीचं दार एका आदेशाने बंद होऊ शकतं. परदेशी पाहुण्यांचं स्वागत करणाऱ्या स्थानिक समित्या अमेरिकेतल्या अनेक शहरांत आहेत. त्यांच्यातल्या कित्येकींत एक-दोनच पगारी माणसं असतात आणि बाकी सगळा भार स्वयंसेवकांवर. विमानतळावर गाडी घेऊन जाणारे निवृत्त प्राध्यापक, घरी स्वयंपाक करणाऱ्या बायका, शाळेत पाहुण्याला फिरवणारे शिक्षक. ते आपल्या खिशातून पेट्रोल घालतात, पण कार्यालयाचं भाडं आणि त्या एकदोघांचे पगार कुणीतरी द्यावेच लागतात. समित्याच बंद पडल्या तर दूतावासाने निवडलेला पाहुणा वॉशिंग्टनमधल्या बैठका उरकून हॉटेलातून परत जाईल, आणि त्याने पाहिलेली अमेरिका सभागृहांपुरतीच राहील.